नणंदेच्या पंखाआड

आमचा हवाई कसरतींचा संघ सुरू झाला तेव्हा विमानं तीनच होती, आणि तिन्ही जुनी. माझा नवरा आणि नणंद आधी पिकांवर औषध फवारायचे. ती कंपनी बंद पडली, तेव्हा दोघांनी विमानं मिळवली आणि दाराला लावून उरलेल्या निळ्या रंगानं रंगवली. तिसरं विमान चालवायला वैमानिकांना शिकवणारे मास्तर आले. प्रेक्षकांना माहिती सांगायचा माइक माझ्याकडे, कारण नवरा म्हणाला, "हिचा आवाज तसाही शेजारच्या गल्लीत जातो."

नवरा पुढे, उजवीकडे नणंद, डावीकडे मास्तर. कुणाच्या मागे उडणं नवऱ्याच्या स्वभावातच नव्हतं. नणंद त्याला चिडवायची, "दादा, एकदा मागे येऊन बघ, तुझं शेपूट किती डुलतं ते!"

एका मोठ्या कार्यक्रमात गिरकी घेऊन वर येताना नवऱ्याच्या इंजिनातून तेल उडालं. समोरची काच काळी झाली. माझ्याजवळच्या रेडिओवर त्याचा आवाज आला, "मला पुढचं काही दिसत नाही."

मैदानात माणसं, लेकरं. ती घाबरू नयेत म्हणून मी माइकवर मास्तरांच्या विमानाचं कौतुक करत राहिले.

"दादा, बाजूच्या काचेतून मी दिसते का?" नणंदेनं विचारलं.

"अंधुक दिसतेस."

"मग धावपट्टी शोधू नकोस. माझा पंख सोडू नकोस. मी वळले की वळ."

"बरं."

इतक्या लवकर 'बरं' म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

दोन्ही विमानं जोडीनं खाली आली. "अजून खाली... सावकाश... आता टेकव!" त्याची चाकं टेकली आणि नणंद तशीच भर्रकन वर गेली. पट्टी दोघांना पुरणारी नव्हती.

तो तेलानं माखलेला उतरला. मी धावत गेले, तर तो आभाळाकडेच बघत उभा. ती उतरल्यावर त्यानं तिचे हात धरले. ती म्हणाली, "वहिनी, याला आधी साबण द्या."

पुढच्या सरावाला त्यानं आपलं विमान उजवीकडे लावलं.

"दादा, जागा चुकलास."

"नाही. पुढे तू."

तेव्हापासून संघ तिच्या मागे उडतो. मास्तर निवृत्त झाले, नवे वैमानिक आले, विमानंही बदलली. ही फार झपकन वळते, अशी नवऱ्याची कुरकुर अजून चालू आहे. जेवायला बसलं की दोघांचा वाद रंगतो, आणि मी मुकाट्यानं तिच्या ताटात आणखी थोडं वाढते.