साखराबाईच्या नावानं

स्टीलच्या डब्याचं झाकण टण्णकन उघडलं आणि बोटीवरच्या त्या गालिचा अंथरलेल्या जेवणघरातली शांतता मोडली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं. माझा नवरा मन्मथ ताटातून डोळे न उचलताच म्हणाला, "अप्पा, इथं सगळं मिळतं हो."

"मिळतंय की." माझ्या सासऱ्यांनी डब्यातली कडक भाकरी काटकन मोडली. "पर कडक भाकर हाय का, त्येवढं इचार त्या पोराला."

वाढणारा पोरगा गालात हसला. शेंगाच्या चटणीसाठी शरण्याने आज्जासमोर तळहात पसरला. ती पाच वर्षांची आहे आणि बोटीवर आल्यापासून आज्जा खाईल तेच तिला खायचं होतं.

मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव संगप्पा. भूकंपात गाव पडल्यावर ते लातूरला आले आणि मग आयुष्यभर त्यांनी तिथं क्लासच्या पोरांचे डबे पोचवले. आधी सायकलवर, मग छोट्या टेम्पोतून. बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला यायची, भाड्याच्या खोल्यांत कोंबून राहायची आणि मामांच्या हॉर्नची वाट पाहायची. त्या डब्यांवर मन्मथ शिकला. आता त्याचाच जीवशास्त्राचा क्लास आहे, चौकात त्याचा हाताची घडी घातलेला फोटो आहे. यंदा निकाल चांगला लागला म्हणून त्याने ही आलिशान बोट ठरवली. पाटण्याहून काशीपर्यंत गंगेतून, वाटेत किल्ले, कबरी, देवळं. माझं माहेर बिलोलीचं. बोटीचं ऐकून माझी आई फोनवर दोनदा म्हणाली, पोरीला कडेवरून उतरवू नको.

मामा मात्र एकाच कामासाठी आले होते. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, माती देतात. आणि कुणी अवेळी गेलं तर काशीच्या जंगमवाडी मठात त्याच्या नावानं एक शिवलिंग द्यायचं, अशी रीत आहे. माझ्या सासूबाई साखराबाई त्याच भूकंपात गेल्या. तेव्हापासून मामांचं काशीचं चाललं होतं. आधी डब्यांना खाडा चालत नव्हता, मग मन्मथच्या बॅचला. नवीन बॅच, सराव परीक्षा, निकाल, पुन्हा नवीन बॅच. 'पुढच्या दिवाळीत नक्की' हे वाक्य लग्न होऊन आल्यापासून मीच कितीतरी दिवाळ्या ऐकलं.

मन्मथ वाचला तो दुधामुळे. त्याचं अंगावरचं दूध तोडायचं म्हणून सासूबाईंनी त्याला देवणीला, आपल्या आईकडे नेऊन सोडलं होतं. लेकरू आठवडाभर तिकडं रडलं आणि इकडे घर बसलं. शरण्याच्या वेळी मी तिला बिलोलीला ठेवायचं म्हटलं, तर कधी कशात न पडणारे मामा दारात आडवे उभे राहिले. कडुनिंब लावा, काहीबी लावा, पण पोरीला आईजवळच ठेवा, म्हणाले.

बोटीवर त्यांचे हाल होते. आंघोळीला फवारा होता, त्याखाली एवढं पाणी वाया घालवायला त्यांचा जीव होईना. बादली मागितली, तर बोटीत बादलीच नव्हती. शेवटी त्या वाढणाऱ्या पोराने दारूच्या बाटल्या गार करायची चकचकीत भांडी आणून दिली, त्यात मामांनी रोज आंघोळ उरकली. त्याच पोराला ते सांगत बसायचे, आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं बाबा, हितून एक पाईप टाका की तिकडं.

गाजीपूरला सगळ्यांना एका गोऱ्या लाटसाहेबाची कबर दाखवायला नेलं. माणसं फोटो काढून बसमध्ये जाऊन बसली. मामा मात्र त्या संगमरवराभोवती हळूहळू फिरत राहिले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "परमुलखात मेला ह्यो. तरी बघ, नाव घालून पुरलाय."

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना बोट काशीसमोर आली. मन्मथ खोलीत फोनवर कुणा पोराच्या बापाला धीर देत होता. मी शरण्याला मांडीवर घेऊन डेकवर बसले होते, शेजारी मामा. घाटावर चिता जळत होत्या, एकीशेजारी एक. गाईड माईकवरून सांगत होता की इथली आग कधी विझत नाही, इथं जळायला लोक नशीब मागतात. पोरं चहा आणि छोटी छोटी कटलेटं फिरवत होती. शरण्याला झोप लागली होती.

मामा कितीतरी वेळ आगीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या सासूला म्या जाळलं."

हे मला माहीत होतं. आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पाऊस लागला होता, प्रेतं फार होती, खड्डे खणायला हात नव्हते. पडलेल्या घरांचे वासे आणि दारं रचून सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला होता. मी म्हटलं, मामा, तेव्हा इलाजच नव्हता.

"आईक तर."

मग ते सांगत गेले. माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीच्या कडेनं सगळ्यांना ओळीनं निजवलं होतं. तोंडात, डोळ्यांत माती गच्च बसलेली, तोंड म्हणून राहिलंच नव्हतं. नाकाला रुमाल बांधलेला एक शिपाई प्रत्येकापाशी थांबून विचारायचा, हे कोण तुमचं. मामांनी साडी ओळखली. हिरवी, पिवळ्या काठाची, महालक्ष्म्यांच्या आधी दारावर आलेल्या कापडवाल्याकडून त्यांनीच घेतलेली. ते म्हणाले, हीच. एवढी एक तरी पुरू द्या म्हणून त्याच्या पाया पडले, पण त्याचंही ऐकणारं तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पेटवलं. पुढं छावणीत खिचडीच्या रांगेत मागच्या आळीतली एक बाई उभी दिसली. अंगावर तीच साडी. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की कापडवाल्याच्या गठ्ठ्यात एकाच रंगाच्या साड्या होत्या आणि अर्ध्या गावानं त्याच घेतल्या होत्या.

"पळत गेलो माघारी. राख व्हती नुसती."

गाईडचा माईक खरखरला आणि बंद पडला.

"तोंड पुसून बघाया पायजे व्हतं," मामा म्हणाले. "पाऊस पडू लागला व्हता, पानी बी व्हतं. पर धीर झाला न्हाई. शिपाई म्हनला हीच का, म्या म्हनलो हीच."

"मामा, त्याच असतील."

"आसंल. न्हाई तर ढिगाऱ्यातच ऱ्हायली आसंल. तसं आसंल तर तिला मातीच भेटली म्हनायची. कवा कवा मी तेच मागतो शिवाला. पर मग म्या पेटवली ती कोन? तिला बी कुनी हुडकत आसंल का न्हाई?"

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. तो तसाच भरलेला होता.

"मन्मथाला बोलू नगंस. आई कशी व्हती ते बी त्याला ठाव न्हाई, फोटूसुदा गेला. बापानं तिला नीट पोचवली, एवढंच हाय त्याच्यापाशी."

सकाळी मन्मथ तयार होऊन मामांच्या खोलीत गेला. गाडी सांगितली होती, मठात फोन झाला होता. मामा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून पलंगाच्या कडेला बसले होते. म्हणाले, मी काय येत न्हाई.

मन्मथला आधी ते खरंच वाटलं नाही. मग तो समजावू लागला, पायऱ्या नाहीत, गाडी दारापर्यंत जाते. मग त्याचा आवाज चढला. "अप्पा, माझं अर्धं आयुष्य काशी काशी केलंत. आता दारात आणलं तर बसून राहता?"

"तू घाल तिचं नाव. तुझ्या तोंडून गेलं तर लागंल."

"आणि तुमच्या?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून पाण्याकडे. "जा की लेकरा. उशीर करायलास."

गाडीत शरण्याने मन्मथला विचारून घेतलं, आपण कुठं चाललो. त्याने सांगितलं, तुझ्या आजीकडे. ती मग खिडकीत बसून भांग नीट करत राहिली.

मठाच्या चौकात स्वामी बसले होते. मुठीएवढं काळं लिंग त्यांनी पाटावर ठेवलं, भस्म लावलं, बेल वाहिला आणि कुणाच्या नावानं, ते विचारलं. मन्मथ म्हणाला, साखराबाई. स्वामींनी नातं विचारलं. चारशे पोरांसमोर माईकशिवाय बोलणारा माझा नवरा तिथं अडखळला. देवणीच्या आजीला तो अव्वा म्हणायचा. आई असं त्यानं आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला आणि तोंडावर हात धरून रडू लागला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात काय होतं ते फक्त मला माहीत होतं. स्वामींनी मामांचं विचारलं. बाईंचे मालक आहेत ना, मग आले का नाहीत? मी म्हटलं, त्यांना बरं नाही.

सेवेकऱ्याने लिंग उचलून आतल्या दालनात नेलं. मन्मथ तोंड धुवायला नळावर गेला. शरण्या माझं बोट ओढत आत शिरली. उजेडातून आल्यावर आधी काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागलं. लिंगंच लिंगं. जमिनीवर, कट्ट्यांवर, कोनाड्यांत, एकाला एक खेटून, पार पलीकडच्या अंधारापर्यंत, सगळी काळी, सगळी सारखी. सेवेकरी रिकामा पाट घेऊन आमच्या शेजारून बाहेर गेला.

शरण्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. एकेक लिंग निरखत थोडी पुढे गेली, मग मागे वळली.

"आई, यातली आपली आजी कोणती?"