तीन किंवा त्याहून कमी

दरवर्षी जानेवारीच्या शेवटी रुना एक गोष्ट न चुकता करायची, आणि ती कुणाला सांगण्यासारखी आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुठलंही नाव टाकलं की त्या नावाची किती माणसं नॉर्वेत आहेत ते कळतं. रुना तिथे आपलं कागदोपत्री असलेलं नाव टाकायची, आल्वरुन, आणि दरवर्षी तेच उत्तर यायचं: तीन किंवा त्याहून कमी. इतक्या थोड्यांचा नेमका आकडा ते देत नाहीत. त्या उत्तराने तिला ना आनंद व्हायचा ना वाईट वाटायचं. दाराला कडी लागलीय ना ते जाता जाता पाहावं तसं पाहून ती संगणक बंद करायची.

यंदा तिथे पाच असा आकडा होता.

तिने तो दोनदा वाचला आणि उठून आईचे पायमोजे दोरीवर टाकले. शहरातली तरुण जोडपी जुनाट वाटणारी नावं शोधत असतात हे तिला ठाऊक होतं. कुणाला तरी हेही सापडलं असेल. त्यावर विचार करत बसायला तिच्या अंगात त्राण उरलेलं नसे. वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे, आणि बेटावरच्या थकलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणं, औषधं देणं, बटाटे उकडून ठेवणं हे पालिकेचं काम ती सत्तावीस वर्षं करत होती. दिवसाला आठ घरं. शेवटचं घर आटपून चारच्या सुमाराला ती परत यायची ती नवव्या घरी, म्हणजे स्वतःच्या, जिथे शहाऐंशी वर्षांची आई गुडलाउग स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तिची वाट पाहत असायची. आईचे डोळे गेले नव्हते, कान गेले नव्हते आणि स्मरणशक्ती तर रुनापेक्षा खणखणीत होती.

फेब्रुवारीत बेटाच्या छोट्या वर्तमानपत्रात वर्षभरात जन्मलेल्या मुलांची यादी आली. एकंदर अकरा मुलं. त्यांतल्या दोन मुली आल्वरुन होत्या, एक बेटाच्या दक्षिण टोकाची, दुसरी बोटीच्या धक्क्याजवळची. दोन्ही घरांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

दुकानात त्यातली एक आई भेटली तेव्हा रुनाने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की नाव कुठून काढलं. ती बाई जरा लाजली. म्हणाली, लोक हसतील म्हणून मी पुस्तकातून काढलं असं सांगते, पण खरं म्हणजे स्वप्नात आलं. एक बाई आली आणि तिने नाव सांगितलं.

रुना हसली नाही. त्या किनाऱ्यावर हसणारं कुणी नव्हतंच. मेलेलं माणूस गर्भार बाईच्या स्वप्नात येऊन आपलं नाव मागतं, आणि ते बाळाला दिलं की येणं थांबवतं, हे तिथे आता कुणी मानत नाही, पण ते खोटं आहे असंही कुणी मोठ्याने म्हणत नाही. कामाच्या दिवसांत रुनाला त्याचा विचार करायला वेळ मिळाला नाही. एवढंच झालं, की त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

मंगळवारी आणि गुरुवारी तिचं सहावं घर तोर्गिल्स आजोबांचं होतं. आजोबांचा नातू मासेमारीच्या बोटीवर असायचा आणि मालेने नावाची त्याची बायको घरी. तिचे दिवस भरत आले होते. एका मंगळवारी रुना आजोबांच्या पायांना मलम चोळत होती आणि मालेने वॉफल भाजत होती, तेव्हा ती एकदम म्हणाली, की तिला सारखं एक स्वप्न पडतं.

"दाराशी एक बाई येऊन उभी राहते," मालेने म्हणाली. "ओळखीची वाटते, पण चेहरा बघायला गेले की जाग येते. फार दमलेली आहे गं ती, रुनामावशी. काल मी म्हटलं, बस जरा, कॉफी घे. तर म्हणते कशी, नको, अजून दोन घरं राहिलीत."

रुनाचा हात थांबला. हे वाक्य ती याच घरात आठवड्यातून दोनदा बोलत असे, कॉफीचा पेला दाराशी उभ्या उभ्या संपवताना.

"नाव सांगितलं का तिने?" आजोबांनी विचारलं.

"आल्वरुन."

आजोबांनी डोकं हलवलं. अशा नावाची बाई बेटावरच्या दफनभूमीत नाही, तिथल्या सगळ्या पाट्या मला पाठ आहेत, असं ते म्हणाले. रुनाने मलमाचं झाकण लावलं. एखादी जिवंत बाई येत असेल कदाचित, ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखाच आहे ना याकडे तिचं सगळं लक्ष होतं.

"जिवंताला नाव मागायची काय गरज, पोरी?" आजोबा म्हणाले. "ते त्याच्यापाशी असतंच की."

दोघांनाही तिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. शाळेत असतानाच ते तिने आवरून ठेवलं होतं. मास्तरांनी वर्गात त्याची फोड करून सांगितली होती: आल्व म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारी, माणसांना न दिसणारी माणसं, आणि रुन म्हणजे गुपित. त्यानंतर वर्षभर पोरं तिच्याकडे पाहून इथे तर कुणीच दिसत नाही असं म्हणत, आणि तिच्या बाकावर येऊन बसत, ती तिथे बसलेली असताना.

त्या दिवशी तिने मालेनेला परोपरीने सांगितलं. ते नाव देऊ नकोस. लिहिताना लोक चुकतात, एकाच्याही तोंडी ते धड येत नाही, आणि ते वाहायला जड आहे.

"तुला गं काय माहीत?"

"एका बाईचं होतं," रुना म्हणाली. "तिला ते कधी अंगाला बसलं नाही."

मालेनेने ऐकलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली आणि तिचं नाव तिरिल ठरलं. रुनाला हायसं वाटलं. पण मुलगी रडू लागली. भुकेने नाही, दुखण्याने नाही; डॉक्टरांनी दोनदा तपासून काही सापडत नाही म्हणून सांगितलं. ती दिवसा रडे, पहाटे रडे, मध्येच पंधरा मिनिटं ग्लानी आल्यासारखी गप्प होई आणि पुन्हा सुरू करी. तीन आठवड्यांत मालेनेच्या डोळ्यांखाली काळं आलं. एकदा ती रुनाला म्हणाली, की बाळ रडतं तेव्हा ते कशावर तरी रागावलंय असं वाटत नाही. ते दमलंय आणि त्याला कुणी बसू देत नाही, असं वाटतं.

पुढच्या गुरुवारी रुनाने दार उघडलं तेव्हा घर शांत होतं. मालेने कोचावर उघड्या तोंडाने गाढ झोपली होती. आजोबा पाळण्याशी खुर्ची ओढून बसले होते.

"मीच हाक मारली," ते कुजबुजले. "त्या नावाने. एकदाच मारली. सकाळपासून झोपलीय. कागदसुद्धा भरलाय आम्ही, आता तिरिल नाही."

रुनाने वाकून पाहिलं. मुलगी झोपली होती, मुठी उघड्या टाकून, सगळं वजन गादीवर सोडून देऊन. तशी झोप रुनाला किती वर्षांत लागली नव्हती ते तिला आठवेना. बाळाचं कौतुक वाटायला हवं होतं. तिला त्याचा हेवा वाटला, आणि त्याच क्षणी पायांतलं उरलंसुरलं बळही गेलं.

"इतकी वर्षं येतेस," आजोबा म्हणाले, "पण तुझं पूर्ण नाव काय गं, रुना? कधी विचारलंच नाही मी."

"रुनाच," ती म्हणाली. "एवढंच आहे."

त्यांनी कॉफी देऊ केली. ती नको म्हणाली, आणि पुढचं नेहमीचं वाक्य तिने ओठांवरच थांबवलं. बाहेर गाडीत बसून तिने कार्यालयाला फोन केला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं, की उरलेल्या दोन घरांना आज दुसऱ्या कुणाला पाठवा.

ती घरी आली तेव्हा तीन वाजत होते. चढावर बर्फ गोठलेलं होतं म्हणून गाडी खाली रस्त्यालाच लावून ती चालत वर आली, आणि रोजच्यासारखा भिंतीला एक हात टेकून बुटांचं बर्फ झटकून आत शिरली. आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मान वर न करता तिने दार लावून घे म्हणून सांगितलं, थंडी आत येतेय. रुना पालिकेचा निळा कोट न काढता चुलीशी उभी राहिली. लहानपणापासून दर वेळी जे विचारलं की आई असंच सुचलं गं म्हणून उडवून लावायची, ते तिने विचारलं. माझं नाव कुठून आलं?

सोलणं चालूच राहिलं. पण या वेळी आईने सांगितलं.

"स्वप्नात एक बाई आली होती. तीनदा. तू पोटात होतीस तेव्हा. आमच्यात त्या नावाचं कुणी नव्हतं. तुझ्या बाबांनी चर्चची जुनी वह्या-पुस्तकं पाहिली, शेजारच्या बेटावर विचारून आले. कुणीच नाही. दिलं मग तसंच. मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

"दिसायला कशी होती?"

"दमलेली," आई म्हणाली. "इथेच उभी होती, चुलीशी. अंगावर निळा कोट होता आणि बाहीवर चकाकणाऱ्या पट्ट्या. तसला कोट मी तोवर कुणाच्या अंगावर पाहिला नव्हता."

आणि तिने मान वर केली. रुनाच्या कोटाकडे, मग चेहऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. तिच्या नजरेत भीती नव्हती. दारात आलेल्या परक्या माणसाची ओळख हळूहळू पटावी आणि मग जुना शिष्टाचार आठवावा, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर झालं. हातातला बटाटा पाण्यात टाकून तिने हात पुसले, उठून शेजारची खुर्ची ओढली.

"बसा ना," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलात."

"आई," रुना म्हणाली.

"नाव दिलंय मी, काळजी करू नका. चांगली आहे पोर. कामाला वाघ आहे. सगळ्या बेटाचं करते आणि वर माझंही करते." आईने कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं. "चारपर्यंत येईल. तिलाही भेटून जा."

रुनाला पुष्कळ बोलायचं होतं, पण बोलण्यासाठी जे अंगात लागतं ते तिच्यापाशी शिल्लक नव्हतं. ती बसली. खुर्ची उबदार होती. पाय सैल पडले, खांदे उतरले, आणि समोर आई कॉफी उकळेपर्यंत नेहमीसारखी खिडकीतून खालच्या वळणाकडे डोळे लावून उभी राहिली. किती वेळ गेला ते कळलं नाही. ढग उतरून बाहेरचा उजेड निळसर झाला.

मग आईचा चेहरा फुलला.

"आली बघा," ती म्हणाली, आणि तिसरा पेला काढायला कपाटाकडे वळली.

पायरीवर कुणीतरी बुटांचं बर्फ झटकत होतं, सावकाश, एका हाताने भिंतीचा आधार घेऊन.