कापडी शेपटीचं विमान

मित्रांनो, मी एक लढाऊ विमान आहे. लांबी एक फूट. शाळेतली पट्टी माझ्याशेजारी ठेवली तर पट्टी अगदी थोडक्यात हरते.

माझं नाव हरिकेन, म्हणजे वादळ. आजवर मी एकदाच उडालो आहे, एका हातातून फरशीपर्यंत. खरी हरिकेन विमानं दुसऱ्या महायुद्धात लढली. आपल्या हवाई दलाकडेही ती होती, ब्रह्मदेशाच्या बाजूला. मी त्यांची बत्तीसपट लहान प्रतिकृती आहे. त्या युद्धात माझा काही हात नव्हता, कारण तेव्हा मी जन्मलो नव्हतो आणि मला हातही नाहीत. पण वसईजवळच्या निर्मळ गावात, एका घराच्या ओटीवर सत्तर वर्षं चाललेली एक लढाई मात्र माझ्यामुळे संपली. तीच सांगतो.

माझा जन्म खोक्यात झाला. आत एकशे सत्तर राखाडी तुकडे होते आणि एक सूचनांचा कागद. ज्यांनी मला जोडलं ते फर्डिनंड. त्यांनी एकतीस वर्षं सातिवलीच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या झाकणांचे साचे बनवले. शाम्पूची झाकणं, तेलाची झाकणं, खोकल्याच्या औषधाची झाकणं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घरी येऊन त्यांनी आधी भिंग लावून त्याची कड तपासली आणि म्हणाले, "हा पीस मी पास केला नसता."

अशा माणसाच्या हातात मी पडलो. माझं भाग्य थोर, असं मला वाटलं. पुढे काय झालं ते ऐका आणि मग ठरवा.

मला बनवायचं कारण होत्या फर्डिनंडच्या आई, सालोमी. वय सत्त्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण कान असे की मागच्या बागेत केळीचं पान फाटलं तर कुठल्या झाडाचं ते सांगतील.

सालोमी सात वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचे बाबा हवाई दलात होते. मूळचे शिंपी. लढाई संपता संपता आई एकदा लेकीला घेऊन त्यांच्या तळावर भेटायला गेली. तळ कुठला, ते सालोमींना आठवत नाही. एवढंच आठवतं की बाबांनी त्यांना उचललं, एका विमानाच्या मागच्या अंगावर त्यांचा हात टेकवला, वरून आपला तळवा ठेवून दाबला आणि म्हणाले, "बघ, हे मी शिवलंय." हाताखाली कापड होतं. ढोलासारखं ताणलेलं, आतून बरगड्या लागणारं.

चार वर्षांनी बाबा तापाने गेले. घरात त्यांचा फोटो नाही. जे काही उरलं ते हे एवढंच, एका मुलीच्या तळहातावर.

आणि यावर कुणाचाही विश्वास नव्हता. सगळ्यात कमी विश्वास होता त्यांच्या धाकट्या भावाचा, गॉडफ्रेमामाचा. बाबा गेले तेव्हा गॉडफ्रेमामा दोन वर्षांचा होता. आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, शेजारच्याच घरात राहतो आणि रोज चार वाजता बहिणीकडे चहाला येतो. चहाबरोबर बिस्किट आणि बिस्किटाबरोबर हा विषय.

"बाय गो, लढाईचं विमान आणि कापडाचं? मग शत्रूने काय, कात्री मारली असती?"

"मी हात लावलाय, गॉडफ्रे."

"तंबूला लावला असशील. बाबा शिंपी होता. सायबांचे पायजमे शिवायचा. तू त्याचं विमान केलंस!"

सत्तर वर्षं, मित्रांनो. एवढ्यात खरं युद्ध बारा वेळा संपलं असतं.

म्हणून एक दिवस सालोमी लेकाला म्हणाल्या, "फर्डी, जन्मभर झाकणं केलीस. आता मला ते एक विमान करून दे. एकदा हात लावून बघते, मग कोणी काय म्हणायचं ते म्हणा."

फर्डिनंड कामाला लागले. ओटीवर टेबल, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग. बारीक तुकडे धरायला लेकीचा भुवयांचा चिमटा. लेक एलिना, वय चोवीस. ती चिमटा मागायला यायची तेव्हा त्यात माझं चाक असायचं. "पप्पा, रविवारी लग्नाला जायचंय मला. मी काय विमानासारखी दिसू?" ती म्हणायची. मला यात अपमान कुठे आहे ते कळलं नाही.

काही अपघातही झाले. माझा वैमानिक तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा होता. तो वाळायला ठेवला असताना अंगणातल्या कोंबडीने गिळला. तीन दिवस कोंबडीच्या मागे पाळत होती. पाळत कशी ठेवली आणि काय काय तपासलं, हे मी सांगणार नाही. वैमानिक मिळाला नाही. तेव्हापासून मी बिनपायलटचा आहे.

पण माझा खरा घात कोंबडीने केला नाही. तो केला फर्डिनंडच्या हुशारीने.

झालं असं, की माझी शेपटी खोक्यातून निघाली तेव्हा ती गुळगुळीत नव्हती. तिच्यावर लांबच लांब उभार होते आणि दोन उभारांच्या मध्ये हलका खोलगटपणा. फर्डिनंडनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. प्लास्टिकच्या धंद्यात हा दोष प्रसिद्ध आहे. आत बरगडी असली की प्लास्टिक थंड होताना वरून खड्डा पडतो. अशा मालाला सातिवलीत सरळ रिजेक्टच्या पेटीत टाकतात.

"एवढी नामी कंपनी," ते हळहळले, "आणि साचा असा?"

मग चार दिवस बसून त्यांनी प्रेमाने माझा एक एक खड्डा पुट्टीने भरला. एक एक उभार पॉलिश पेपरने घासला. शेवटी शेपटी अशी झाली की माशी बसली तर घसरेल. एकतीस वर्षांचा अनुभव त्यांनी माझ्या शेपटीवर ओतला. मीही फुगून गेलो होतो. आपलं दुखणं बरं होतंय असंच मला वाटत होतं.

रंग चढला. पंखांवर खुणा आल्या. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. कुणीतरी म्हणालं, "हुबेहूब!" खरं विमान त्यांच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी चारला मला सालोमींच्या मांडीवर ठेवलं. गॉडफ्रेमामा समोर बशीत चहा ओतत होता. सालोमींची बोटं माझ्या नाकावरून निघाली. पंखा, काच, पंख. ओठ हलत होते. बोटं मागे सरकली, शेपटीवर आली आणि थांबली. पुढे गेली. परत आली.

"हे नाही," त्या म्हणाल्या. "हे डब्याचं झाकण आहे."

फर्डिनंडनी जन्मभर झाकणंच बनवली होती. हा अपमान आहे की कौतुक, हे त्यांना पटकन कळेना.

गॉडफ्रेमामाला मात्र कळलं. "बघा!" त्याने बशी खाली ठेवली. "पोराने कागद वाचून केलंय. मापात केलंय. कुठाय कापड? सांग ना बाय, कुठाय?"

सालोमींनी मला उचलून बाजूला ठेवायला हात लांब केला. तिथे टेबल नव्हतं. माझं ते एकमेव उड्डाण हेच. एक चाक मोडलं. त्याचं मला विशेष वाटलं नाही, कारण त्या घरात तेव्हा आणखी काहीतरी मोडलं होतं आणि ते चिमट्याने उचलता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फर्डिनंड चाक चिकटवत असताना आई भिंत धरत धरत ओटीवर आल्या.

"फर्डी, खरं सांग. माझं डोकं फिरलंय का?"

"आई, असं काय बोलतेस?"

"सात वर्षांची होते मी. पोरांना काहीही आठवतं. पण मग कापड खोटं असलं," त्या थांबल्या, "तर वरचा बाबाचा हात पण खोटाच की रे."

फर्डिनंडच्या हातातलं चाक बोटालाच चिकटलं.

ते सोडवायला एलिना आली. हकिगत ऐकून तिने दुसऱ्या हाताने मोबाइल काढला. ही पिढी शोधते आणि नंतर रडते, हे मला आवडतं. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "पप्पा. मागचा भाग कापडाचाच होता."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी! आत लोखंडी नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणून कापड. गोळी लागली तर आरपार जायची, भोक पडायचं. मग भोकाला ठिगळ लावायचं की विमान परत रेडी. त्यासाठी माणसं ठेवलेली असायची, शिवायला." ती फोटो मोठा करत होती. "हे बघा, पट्ट्यांच्या मध्ये कापड कसं आत गेलंय. असे हलके खड्डे."

फर्डिनंडनी भिंग लावून फोटो पाहिला.

"कसे खड्डे?"

"असे. का?"

"मी बुजवले ते."

"अहो पप्पा!"

"मला वाटलं, माल खराब आहे."

एलिना हसली नाही. मग हसली. मग आजीला मिठी मारून म्हणाली, "आजी, तू बरोबर होतीस. तुझा मुलगा जरा जास्त बरोबर होता."

आता पुट्टी खरवडून काढता आली असती. पण फर्डिनंड म्हणाले, "प्लास्टिकचं कापड कशाला? कापडाचंच कापड करू." आणि त्यांनी करवत घेतली. मित्रांनो, विमानांना भूल देत नाहीत. एवढंच सांगतो.

माझ्या नव्या बरगड्या खराट्याच्या हिरांच्या झाल्या, नारळाच्या झावळीतून काढलेल्या, चिरून काडीहून बारीक केलेल्या. कापड मलमलचं, एलिनाच्या जुन्या ओढणीचं. ते ओलं करून ताणलं, खालून बारीक टाक्यांनी शिवलं. शिवण कुठे होती ते सालोमींनी सांगितलं. "खालून. बाबा आडवा पडून शिवायचा." कापड कडक होण्यासाठी वरून एलिनाची बिनरंगाची नेलपॉलिश लावली. पहिली बाटली संपली, दुसरी संपली.

तिसरी उघडली तेव्हा आतल्या खोलीतून सालोमींचा आवाज आला, "कोण आलंय?"

"कोणी नाही, आजी."

"बाबाच्या कपड्यांचा वास येतोय."

एलिनाच्या हातात ब्रश तसाच राहिला. पुढे तिने मोबाइलवर पाहिलं, तर त्या काळी विमानाच्या कापडाला लावायचं रोगण याच जातीचं असायचं. पण त्या क्षणी ती एवढंच म्हणाली, "आजी, तुझे बाबा नेलपॉलिश लावायचे," आणि डोळे पुसले. त्यामुळे तिच्या गालाला माझं रोगण लागलं.

शेपटी लगेच पास झाली असं समजू नका. सालोमींनी टिचकी मारून सांगितलं, "ढिलं आहे." फर्डिनंडनी उसवून परत शिवलं. "अजून ढिलं." पुन्हा उसवलं. "कारखान्यातला इन्स्पेक्टर बरा होता," ते पुटपुटले. "तो निदान जेवायला तरी जायचा."

तिसऱ्या वेळी टिचकी मारली तेव्हा टप् असा आवाज आला. सालोमींनी पुन्हा मारली. मग तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. बोटांखाली हीर लागत होते, मध्ये कापड किंचित दबत होतं.

"हां," त्या म्हणाल्या.

चार वाजले होते. गॉडफ्रेमामा चपला काढत होता. "झालं का बाय, पायजम्याचं विमान?"

"इकडे ये. हात दे."

"चहा तरी..."

"हात दे म्हटलं ना!"

त्याने दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मोठी बहीण ओरडली की दोन वर्षांचा होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. सालोमींनी त्याचा पंजा माझ्या शेपटीवर टेकवला, वरून आपला तळवा ठेवला आणि दाबला.

"असा," त्या म्हणाल्या. "बाबाने असाच दाबला होता."

गॉडफ्रेमामा काहीतरी चेष्टा करणार, म्हणून सगळे वाट बघत होते. त्याचं तोंड उघडंही होतं. बापाचा आवाज, चेहरा, वास, स्पर्श, यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं. बहिणीकडे होतं आणि ते तो सत्तर वर्षं खोटं ठरवत आला होता. त्याने तोंड मिटलं. मान खाली घातली. चहावर साय धरली तरी हात तिथेच होता.

मग अगदी हळू म्हणाला, "बाय, जरा जोरात दाब."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपते. मध्यंतरी फर्डिनंडनी माझ्यासाठी काचेची पेटी आणली होती. सालोमींनी ती परत पाठवली. सध्या तिच्यात शेजारच्यांचे मासे राहतात. मी ओटीवरच्या उघड्या फळीवर असतो. माझ्या शेपटीवरचं रोगण एका जागी उडालं आहे. ते पुन्हा लावू नका असं मीच म्हटलं असतं, पण कुणी लावायला घेतलंच नाही.

माझी विनंती मोठी नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस अशक्य काही सांगत असेल, तर हसायला हरकत नाही. हसून झालं की एकदा शोधून बघा, आणि ते माणूस ऐकायला असेपर्यंत शोधा. मला बघायला आलात तर हात धुऊन या आणि खुशाल लावा. फक्त चार वाजता आलात तर जरा थांबावं लागेल. गॉडफ्रेमामा चहाला आलेला असतो. कप त्याच्या डाव्या हातात असतो. त्याचं झालं की तुमचा नंबर.