लाडोबाची बहीण

मावशीच्या मते नेच्यांचे, म्हणजे फर्नचे, दोनच प्रकार. एक धबधब्याकाठी बसून ऐषारामात हिरवे राहणारे. त्यांना ती सरसकट लाडोबा म्हणायची. दुसरे तिचे स्वतःचे, तापल्या कातळाच्या फटीत राहणारे. पानाची कड आत दुमडून बीजाणू झाकायचे, पानाच्या पोटाला पांढरी भुकटी माखायची, पाणी संपलं की मुठीसारखं वळून पडून राहायचं आणि महिन्यांनी थोडं पाणी मिळालं की काही झालंच नाही अशा थाटात उठून बसायचं. अशा जाती शोधून तिने त्यांना एका घराण्यात बसवलं होतं. त्यापायी गुडघे घालवले, चांगली चांगली स्थळं वाटेला लावली, आणि दोन्हींची खंत केली नाही.

आता ती निवृत्त होती आणि तिच्या संस्थेतला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह नव्या लोखंडी कपाटांत हलत होता. कपाटं नात्याप्रमाणे लावायची, एका घराण्याला एक कपाट, अशी या कामाची रीत. कातळावरच्या नेच्यांचं कपाट मावशीनेच लावावं असं सगळ्यांनी ठरवलं. तिची भाची तिथल्याच प्रयोगशाळेत होती. तिला मात्र तो दिवस लांबला तर हवा होता.

कारण तिच्या डीएनए तपासणीत मावशीच्या घराण्यातली एक जात परकी निघाली होती. परकी म्हणजे किती, तर तिची सगळ्यांत जवळची बहीण धबधब्याकाठी राहणारी, चक्क लाडोबांतली. भाचीने आधी स्वतःवरच संशय घेतला. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा तपासलं. मग कातळ चढून, कोपरं सोलून घेऊन ताजी रोपं आणली. उत्तर तेच. मावशीपाशी आता ते एक घराणंच उरलं होतं, आणि त्याला सुरुंग कोणी लावायचा, तर जिला तिने बोट धरून हे सगळं शिकवलं त्या पोरीने.

मावशी नवी साडी नेसून आली. भाचीने चहा केला, हवापाण्याचं बोलून झालं, खुर्चीला उशी दिली. चालढकल करून करून किती करणार? नेमका ती परकी जात वाळवून चिकटवलेला कागद मावशीने उचलला तेव्हा तिने पुढे होऊन धरला.

"मावशी, ही इथे नाही बसत गं."

मग फरशीकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं. मावशीचा चेहरा इतका उतरला की भाचीला वाटलं, नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं. मावशीने मग ताजी रोपं मागितली. ती परकी आणि तिच्या शेजारून आणलेली घराण्यातली अस्सल एक, दोन्ही एव्हाना वाळून चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. मावशीने पसरट ताटलीत पाणी घेतलं, दोघींना त्यात ठेवलं आणि भिंग घेऊन बसली.

जेवणाची वेळ टळून गेली. दोघी नुसत्या बघत होत्या. आधी काळे देठ किंचित हलले. मग मुठी सैल होत गेल्या, करडा रंग सरून आतून हिरवा वर आला. दोन्हींच्या कडा तशाच दुमडलेल्या, पोटाला तीच पांढरी भुकटी. कोणती परकी ते भाचीलाही क्षणभर कळेना, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हिला हे कोणी दिलं?" मावशीने हळू आवाजात विचारलं.

"कोणीच नाही. हिच्या आईकडे यातलं काहीच नव्हतं. ही कातळावर आली आणि पिढ्यान् पिढ्या सोसत हिचं हिनेच जमवलं."

"आणि मी समजत होते, एकीला साधलं आणि तिने ते लेकींना दिलं." मावशीने भिंग खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा उजळला होता. "हे तर त्याहून केवढं मोठं आहे गं."

ती उठली. कागद घेऊन लाडोबांच्या कपाटापाशी गेली आणि तो तिने स्वतःच्या हाताने आत ठेवला. मग आपल्या कपाटात लावलेले सगळे कागद काढून तिने भाचीच्या टेबलावर रचायला घेतले.

"या सगळ्या तपास," ती म्हणाली. "एकही सोडू नकोस, आणखी किती जणींनी आपलं आपण जमवलंय ते कळू दे. आणि जरा हात चालव, मला बघून जायचंय."