डाव्या बाजूचा ब्रेक

खंडेराव मास्तरांनी तेवीस वर्षांत निम्म्या नाशिकला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याला त्या गाडीखाली येण्यापासून वाचवलं होतं. दोन्ही कामं एकाच पायाने. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीला शिकवणाऱ्यासाठी डावीकडे एक जादा ब्रेक होता आणि त्यावर मास्तरांचा उजवा पाय. शिकणाऱ्याला समोरची म्हैस दिसायच्या आत तो खाली गेलेला असे. रिक्षात मागे बसले तरी तो पाय नोकरी सोडत नसे. सिनेमात गाडी वळू लागली की पुढच्या खुर्चीला लाथ बसे.

अशा माणसाच्या पोटी सरिता जन्मली. बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, आणि शर्यतीत गाडी चालवून पोट भरायचं म्हणणारी. छंद म्हणून असतं तर मास्तरांनी कानाडोळा केला असता. पण अठ्ठ्याण्णव साली नाशिकच्या रॅलीला कोइम्बतूरच्या एका टीमचा मॅनेजर येणार होता. लहान गाड्यांच्या गटात पहिल्या तिघांत जो नवा ड्रायव्हर येईल त्याला तो टीममध्ये घेणार होता. घरात गाडी एकच, स्कूलची.

मास्तर 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात कमळाबाई बोलल्या.

"जाऊ दे तिला. पण शेजारी तुम्ही बसायचं."

कमळाबाईंचा नवऱ्यावर नसला तरी नवऱ्याच्या पायावर पूर्ण विश्वास होता.

तसा रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी एक वाचणारा लागतोच. रस्ता आधी पाहून तो वळणं वहीत उतरवतो आणि गाडी पळत असताना मोठ्याने सांगत जातो. वळण जेवढं आवळलेलं, तेवढा त्याचा आकडा लहान. आवाजाची मास्तरांकडे कमतरता नव्हती.

सरिताची अट एकच होती. "अण्णा, तो ब्रेक काढून टाकायचा. तुमचा पाय पडला की आपण गेलो."

"काढतो," मास्तर म्हणाले.

गाडी देवळाली कॅम्पला मुस्तकीमच्या गॅरेजमध्ये तयार झाली. मुस्तकीमही मास्तरांचाच विद्यार्थी. शेवटच्या दिवशी तो गाडीत डोकं घालून म्हणाला, "मास्तर, एक नट काढला की दांडी सुटते. पेडल नुसतं लोंबकळेल. काढू?"

रस्त्यावरून मिलिटरीचा ट्रक चालला होता. तो पार दिसेनासा होईपर्यंत मास्तर बघत राहिले.

"राहू दे."

"आणि सरिताला?"

"काढला म्हणून सांग."

"झूठ बोलू?"

"तुला गाडी कुणी शिकवली?"

याने प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं, पण मुस्तकीमने पाना खाली ठेवला.

रॅलीच्या सकाळी तपासणीला आलेल्या माणसाने डावीकडचं पेडल पाहून विचारलं, हे काय? "पाय टेकवायला," मास्तर म्हणाले. आठवड्यातलं हे दुसरं खोटं. आधीच्या छप्पन्न वर्षांत मिळून तीन असतील. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. पोरगी दरीत जात असताना आपण हातात नुसती वही धरून बसलेलो असू, या एका चित्राने त्यांची आठ दिवसांची झोप उडवली होती.

शर्यतीचा तुकडा पेठकडचा, अकरा किलोमीटरचा कच्चा घाटरस्ता. सुरुवातीच्या रेघेजवळ पुंजाराम नावाचा म्हातारा शेतकरी सकाळपासून दगडावर बसून गाड्या बघत होता. तो खिडकीशी आला.

"एवढी घाई कसली हाय? पुढं काय वाटत्यात का?"

"नाही."

"मंग?"

मास्तरांनी वही उघडली. हेच ते तीन वर्षं सरिताला विचारत होते.

झेंडा पडला.

"डावं, चार," मास्तरांनी शिकवणीच्या आवाजात वाचलं. "उजवं, तीन, आवळतंय. मिरर बघ."

"अण्णा, मिरर वहीत नाहीये."

"सवय."

चाळीसच्या वर काटा गेला की मास्तर विद्यार्थ्याला खाली उतरवत. काटा नव्वदवर होता. दुसऱ्या किलोमीटरला पाय उचलला गेला, मास्तरांनी तो परत ठेवला. चौथ्याला पुन्हा. सहाव्या किलोमीटरला वहीत 'उजवं, एक, दरी' असं होतं आणि दरीखाली त्यांनीच तीन रेघा ओढल्या होत्या. त्यांनी ते वाचलं. जिथे ब्रेक लावायला हवा ती जागा आली, आणि गेली. सरिताने लावला नाही.

पाय पेडलवर पोचला. बुटातूनसुद्धा रबर ओळखीचं लागलं. इंचभर दाबला असता तर गाडी हळू झाली असती, पोरगी सुखरूप घरी आली असती, आणि मग जन्मभर घरीच राहिली असती. हे मास्तरांना त्या अर्ध्या क्षणात अगदी स्वच्छ दिसलं. त्यांनी पाय वर ओढला आणि त्यावर बसले. चार पट्ट्यांनी जखडलेल्या माणसाला धावत्या गाडीत मांडी कशी घालता आली, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

सरिताने ब्रेक लावला. गाडी वळली. जेवायला बसल्यासारखे बसून मास्तरांनी उरलेली वही वाचून संपवली.

गटात दुसरा नंबर आला. मॅनेजर सरिताशी दहा मिनिटं बोलला आणि दोनदा हात मिळवून गेला. मास्तर गाडीतच होते, कारण पाय उठत नव्हता. मुस्तकीम पाण्याची बाटली घेऊन आला आणि कुणाकडेच न बघता उभा राहिला.

"अण्णा," सरिता खिडकीत वाकली. "नट काढला नव्हता ना?"

मास्तरांनी मुस्तकीमकडे पाहिलं.

"त्यांनी नाही सांगितलं. मी काल रात्री वाकून बघितलं. गाडी काढायच्या आधी वाकून बघायचं, कुणी शिकवलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"नट नसता तर तुम्ही बसला असतात?"

मास्तरांनी विचार केला. "नसतो बसलो."

"म्हणून."

ती पाणी प्यायली. मास्तरांनी विचारलं, "त्या कोइम्बतूरच्या गाडीत डावीकडे ब्रेक असतो का?"

"नसतो, अण्णा."

"बरं," मास्तर म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडू लागले. पायाला मुंग्या आल्यात, असं त्यांनी मुस्तकीमला सांगितलं.