हार्मेनचा तांबडा एल्म

आमच्या गावातल्या फोप्पे सुताराला लाकूड वाया गेलेलं बघवत नसे. एल्मच्या झाडांवरच्या रोगाची साथ फ्रीसलंड प्रांतभर पसरली आणि नगरपालिकेची माणसं कालव्याकाठची झाडं पाडून ट्रकनं जाळायला नेऊ लागली, तेव्हा त्यानं दोन चांगले ओंडके गुपचूप आपल्या शेडमध्ये नेले. हुकूम असा होता की, एल्म घरी ठेवायचा तर साल सोलून, कारण रोग पसरवणारे भुंगेरे सालीखालीच वाढतात. पण साल सोलली की लाकूड भराभर वाळतं, तडकतं. खुर्चीच्या बैठकीला मग काय उपयोग? फोप्पेनं साल तशीच ठेवली आणि वर ताडपत्री टाकली.

शेडच्या मागे पाण्याचा चर, आणि चरापलीकडे सीत्स्केचं अंगण. अंगणात तिच्या वडिलांचं, हार्मेनचं झाड. हार्मेनची रोपवाटिका होती. एकदा बियांच्या रोपांत एक वेगळंच निघालं: कोवळी पानं तांब्यासारखी, कडा आत वळून चमच्यासारख्या झालेल्या. त्यानं साध्या एल्मच्या खुंटावर त्याची कलमं बांधली, थोडीफार विकलीही. पण लोकांना हिरवीच झाडं हवी असायची. हार्मेन गेला, रोपवाटिका मोडली, आणि त्या जातीचं आमच्या माहितीतलं हे एकच झाड उरलं.

पुढच्या जूनमध्ये सीत्स्केनं चरापलीकडून हाक मारली.

“फोप्पे, इकडे ये रे! शेंड्याची फांदी बघ, पिवळी पडलीय.”

त्यानं शिडी लावली, एक काडी मोडली. सालीखाली तपकिरी ठिपक्यांचं कडं होतं, साथीची खूण. त्यानं काडी खिशात घातली.

“काय आहे?”

“वाऱ्यानं करपलीय,” तो म्हणाला. “समुद्राचा खारा वारा.”

“मग ठीक. तू म्हणतोस तर मी निश्चिंत.”

घरी येऊन त्यानं ताडपत्री उचलली. ओंडक्यांच्या सालीला मोहरीएवढी भोकं पडली होती. पटाशीनं साल उचकटली, तर खाली भुंगेऱ्यांनी कोरलेल्या खाचा, फणीच्या दातांसारख्या. सगळ्या रिकाम्या. भुंगेरे केव्हाच उडून गेले होते.

त्याच दिवशी तो खरं बोलला असता, तर खालच्या निरोगी फांद्यांचे डोळे काढून नवी कलमं बांधता आली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी तो चरापर्यंत जाई, आणि सीत्स्के दिसली की हवेबद्दल काहीतरी बोलून परत फिरे. पाहता पाहता अर्धं झाड वाळलं. मग नगरपालिकेचा माणूस येऊन खोडावर पांढरी फुली मारून गेला.

“ह्यांच्याच ट्रकनं कीड आणली,” सीत्स्के चिडून म्हणाली. “उघडे ट्रक नेत होते मेले गावातून!”

“असेल,” फोप्पे म्हणाला.

झाड त्यानंच पाडलं. सीत्स्केनं कॉफी आणि लोणी लावलेला साखरपाव आणला.

“खा. असा शेजारी मिळायला नशीब लागतं. आणि हे बघ, साल सोलून खोड तू ने. मला त्याची खुर्ची करून दे. बाबांचं झाड दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही मी.”

फोप्पेनं अर्धा पाव बशीत परत ठेवला. शेवटी तो म्हणाला, “सीत्स्के, कीड ट्रकनं नाही आणली.”

“म्हणजे?”

“माझ्या शेडमध्ये सालीसकट ओंडके होते. आणि मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वारा-बिरा काही नव्हता.”

तिनं त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि उरलेला पाव चरातल्या बदकांना टाकला.

“आता कशाला सांगितलंस? नगरपालिकेला शिव्या घालून झोप तरी लागत होती मला. आता खिडकी उघडली की तुझं शेड दिसणार.”

“मी काय करू, सांग.”

“घरी जा.”

हिवाळ्यात चर गोठला. बर्फावर सगळं गाव भेटायचं, ती मात्र त्याला पाहून तोंड फिरवायची. मे महिन्यात अचानक तिची हाक आली. बुंध्याभोवती फुटवे आले होते! फोप्पे धापा टाकत आला. दोघं गुडघ्यांवर बसली. तिनं एक पान उलगडून पाहिलं. हिरवं, सपाट, खरखरीत. फुटलं होतं ते खालच्या खुंटाला. वरचं कलम गेलं ते गेलंच.

फोप्पेला रडू फुटलं.

“तू नकोस रडू,” ती म्हणाली. “तो हक्क माझा आहे.” मग उठून हात झटकत तिनं विचारलं, “तुझी गाडी चालते ना? बाबांनी दोक्कुमकडच्या एका चर्चला एक झाड दिलं होतं.”

त्या चर्चच्या आवारात सायकली लावायची जागा केली होती. तिथला राखणदार म्हणाला, “होतं खरं काहीतरी लालसर. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जळण मिळेना, तेव्हा आजोबांनी शेगडीत घातलं.”

घरापाशी उतरताना सीत्स्के म्हणाली, “रविवारी हार्लिंगनला जाऊ. तिथल्या एका डॉक्टरनं एक नेलं होतं.”

“मला माफ केलंस का?”

“नाही. सकाळी लवकर ये. खायचं मी आणते, तुझा पाव शिळा असतो.”

हार्लिंगनलाही झाड नव्हतं. नंतर दोघं समुद्रातल्या बेटांवरही जाऊन आली, कुणी कुठे तांबडं झाड पाहिलं म्हटलं की निघायची. एकदा गुत्त्यात कुणीतरी टोमणा मारला, “काय फोप्पे, म्हातारपणी प्रेमात-बिमात पडलास की काय?”

“तिच्या बापाचं झाड मी मारलंय,” फोप्पे म्हणाला, आणि आपला ग्लास उचलून खिडकीपाशी जाऊन बसला.