परकं तेल

मी बोलतोय ते रागानं. गोड बोलायला मला आता जमणार नाही. मी एका सायकलचा पुढचा ब्रेक. चाकातली पोलादी चकती दोन्ही बाजूंनी पकडतो ना, तो कॅलिपर.

कारखान्यात माझ्याबरोबर माझी जोडीदारीण जन्मली, हँडलवरची लिव्हर. आम्हा दोघांमध्ये एक नळी आणि नळीत खनिज तेल. तिला दाबलं की ते तेल मला ढकलायचं आणि मी चकती धरायचो. माझ्या पोटातल्या रबरी रिंगा त्याच तेलाला सरावलेल्या. दुसरं तेल त्यांना सोसत नाही.

आमची मालकीण कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. घर टेकडीवर, कारखाना खाली. रोज सकाळी लांबलचक उतार, आणि तळाशी ट्रकांचा मोठा रस्ता. तिची बोटं आखूड. दोन बोटांनी लिव्हर हलकेच ओढली की मी थांबवायचो. तिला मी कधी दगा दिला नाही.

तिचा नवरा वाईट माणूस नव्हे, हे मी रागातही सांगतो. पण चालू असलेली वस्तू त्याला बघवायची नाही. मिक्सर, नळ, दाराची कडी, सगळ्यांनी त्याचा पाना सोसला होता. सासूबाई मात्र कौतुकानं सांगायच्या, माझ्या लेकाच्या हाताला स्वस्थता म्हणून नाही.

एकदा त्याच्या मित्रानं त्याला पडून असलेली एक लिव्हर दिली. चकचकीत, पण दुसऱ्याच कंपनीची. फुकट ते पौष्टिक! रविवारी त्यानं आमची सायकल उलटी केली.

मालकीण म्हणाली, मला आहे तोच ब्रेक बरा आहे, ही लिव्हर माझ्या बोटांना लांब पडते. त्यानं ऐकलं नाही. मग तिनं लिव्हरच्या झाकणावरची अक्षरं वाचून दाखवली. तिथं गाडीच्या ब्रेकचं तेल घाला असं लिहिलेलं होतं.

"आपल्या ब्रेकला हे चालेल का?" तिनं विचारलं.

"अगं, तेल ते तेल. तू कापड काप, हे माझ्यावर सोड."

जोडीदारीण भंगारात गेली. माझ्या पोटात परकं तेल शिरलं.

आधी काही जाणवलं नाही. मग माझ्या रिंगा फुगू लागल्या. चकती सोडावी म्हटलं तरी सुटेना. चाक कुरकुरायला लागलं. तिनं दोनदा त्याला सांगितलं. नवीन आहे, बसेल हळूहळू, एवढंच तो म्हणाला. मी ओरडत होतो आणि त्याला ती कुरकुर वाटत होती!

शेवटी एका सकाळी रिंग फाटली. तेल गळून चकतीला घासणाऱ्या माझ्या पॅडांवर आलं. उतारावर तिनं लिव्हर ओढली, ती थेट हँडलला टेकली. माझ्यात धरायला जोरच उरला नव्हता. मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरलं. समोर मोठा रस्ता. तिनं सायकल कडेच्या भिंतीवर घातली म्हणून जिवावरचं मनगटावर निभावलं. उजवं मनगट. कात्रीचा हात.

संध्याकाळी तिच्या हाताला प्लास्टर, आणि हा आईला सांगतोय की घाबरली असेल, नीट दाबलाच नसेल. माझ्या अंगावरून तेल ओघळत होतं. ते त्यानं फडक्यानं पुसलं, एक रिंग कशीबशी बसवली, तेच तेल पुन्हा भरलं आणि ब्रेक ठणठणीत झाल्याचं जाहीर केलं.

ती शांतपणे म्हणाली, "मग उद्या तू जा सायकलनं. त्याच उतारावरून."

सकाळी सासू-सून दोघी फाटकात उभ्या राहिल्या. तो ऐटीत निघाला. उतार जिथं सुरू होतो तिथं आला. लिव्हर एकदा दाबून पाहिली, पुन्हा दाबली. खाली नजर टाकली. मग खाली उतरला, हँडल धरलं आणि पायी चालू लागला. पार तळापर्यंत. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

वर फाटकात सासूबाई काय म्हणाल्या, ते मला नंतर मालकिणीच्याच तोंडून कळलं. ती बहिणीला फोनवर सांगत होती. "आई म्हणाल्या, ब्रेक धड नाही हे त्याला माहीत होतं गं."

आता मी खिळ्यामोळ्यांच्या डब्यात पडलोय. प्लास्टर निघालं, पण तिची पकड पूर्वीची राहिली नाही. जाड कापड आता दुसरं कुणी कापतं. ती बसनं जाते.

हाताला स्वस्थता नसलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. पाना उचलण्याआधी त्या सायकलवर बसणाऱ्याला विचारा, आणि उत्तर मिळालं तर ते ऐका. नंतर माझी माफी मागायला येऊ नका. मी लोखंड. माफी तिची मागायची असते. त्यानं ती अजून मागितलेली नाही.